पाऊण किलोचा जीव

रात्रीचे सव्वादोन वाजलेले. जुलैचा महिना, तेव्हा लाइट गेलेली हे वेगळं सांगायला नको. मोबाइलवरचा नंबर आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतला होता. त्या बाजूने अवेळी फोन आला की म्हैस अडलेली असते नाहीतर गाय फुगलेली असते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. गमबूट कुठे काढून ठेवलेत ते आठवत मी फोन घेतला.

“बाय, कुत्रं गार पडलंय गं. मान टाकलीय.”

“केवढं आहे, आजी?”

आजी जरा थांबल्या. “घुशीएवढं. घुशीपेक्षा बारीकच.”

तीन दिवसांपूर्वी नातू मुंबईहून चिवावाचं पिल्लू घेऊन आला होता. ‘आजी, तुला सोबत’ म्हणाला आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत गेला. पिल्लाचं नाव त्याने बेला ठेवलं होतं, आजींनी दुसऱ्याच दिवशी चिंगी केलं. नातू गेल्यापासून चिंगीने तोंडाला काही लावलं नव्हतं. रुसलीय, भूक लागली की खाईल, असं म्हणून घर झोपलं.

गावठी पिल्लाच्या बाबतीत हे चालून जातं. चिवावाच्या बाबतीत नाही. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. मेंदूला तर साखर सतत लागते. सहा-आठ तास पोट रिकामं राहिलं, त्यात गारठा आणि प्रवासाचा शीण, की रक्तातली साखर घसरते. पिल्लू आधी सुस्तावतं, मग झोकांड्या खातं, मग झटके येतात. लोकांना वाटतं फीट आली. खरं तर ती भूक असते.

मी आजींना सांगितलं, वाटीत चमचाभर साखर घ्या, थोड्या कोमट पाण्यात दाट विरघळवा, बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, शुद्ध नसली तर पाणी फुप्फुसात जाईल. बाटलीत ऊन पाणी भरा, जुन्या पातळात गुंडाळा आणि पिल्लाशेजारी ठेवा. फोन चालू ठेवून मी अंधारात बसून राहिले. पलीकडे कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. दहा-बारा मिनिटांनी त्या आवाजात एक बारीक कुंईं मिसळलं.

सकाळी पहिल्या रिक्षाने आजी महाडला माझ्या दवाखान्यात आल्या. भाजीच्या पाटीत लुगड्याची घडी, त्यात चिंगी. मी तिला काट्यावर ठेवलं. 740 ग्रॅम. पाऊण किलोला दहा ग्रॅम कमी.

असा काटा माझ्याकडे कसा आला, तेही सांगायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे.

मी शिकले परळला. 1886 साली सुरू झालेलं ते पशुवैद्यक महाविद्यालय. शेजारीच जनावरांचं मोठं इस्पितळ, तिथे मुंबईतल्या सगळ्या जातींची कुत्री पाहायला मिळायची. पण नोकरी लागली पोलादपूर तालुक्यात आणि पुढची कित्येक वर्षं माझा संबंध आला तो गाय, म्हैस, बैल, शेळी आणि कोंबडी यांच्याशी. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, अडकलेला जार, हे माझं जग. या जगात वजन नजरेने ठरतं. फार तर छातीचा घेर टेपने मोजायचा. चारशे किलोच्या म्हशीला औषध दोन मिली इकडेतिकडे झालं तर म्हशीला पत्ता लागत नाही.

नोकरी सोडून महाडला दवाखाना टाकला, त्यानंतर पहिल्यांदा एक चिवावा टेबलावर आला. जंताचं औषध हवं होतं. मी हातात घेऊन अंदाज केला, दोन किलो असेल. लांब केसांचा होता, केसांनी फसवलं. औषध दिलं. रात्रभर तो ओकत राहिला. दुसऱ्या दिवशी मालकिणीने रागाने त्याला समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं आणि मला बोलावून आकडा दाखवला. सव्वा किलो. पिल्लू वाचलं, पण तो आकडा दाखवणारं बोट मी विसरलेले नाही. त्याच आठवड्यात मी पाच ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि इन्सुलिनच्या सिरिंजचं खोकं आणलं. आता दवाखान्यात म्हशीचं औषध वीस मिलीच्या सिरिंजमध्ये आणि चिवावाचं एका मिलीच्या दहाव्या भागात. दोन्ही एकाच कपाटात असतात, पण एका खणात ठेवत नाही.

खरं तर महाडकरांना हा हिशेब नव्याने शिकवायची गरज पडू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची. दंशानंतर हृदयावर काय परिणाम होतो ते त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं, 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सगळ्या कामात एक गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक आईला आधीच माहीत होती, ती म्हणजे विंचू मोठ्या माणसाला चावला तर जेवढी भीती, त्याहून जास्त भीती पोराला चावला तर. विष तेवढंच, देह लहान. चिवावा घेताना नेमकं हेच ध्यानात ठेवायचं. पूर्ण वाढ झाल्यावरही तो जेमतेम दोन-अडीच किलोचा असतो. विंचू, फुरसं, उंदराचं औषध, तापावरची आपली गोळी, यातलं काहीही त्याच्यासाठी थोडंसं नसतं.

आमच्याकडे अशी कुत्री येतात ती बहुतेक चाकरमान्यांबरोबर. 2003 नंतर हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला तो पग घराघरात पोचला, तेव्हा गणपतीला मुंबईहून पग यायला लागले. आता मोबाइलवर पर्समध्ये बसलेला, स्वेटर घातलेला चिवावा दिसतो, म्हणून चिवावा. त्यामागचं गणित साधं असतं. मुंबईत वन रूम किचन, कुत्रं छोटं हवं. मग दोघेही कामावर जातात, पिल्लू दिवसभर एकटं भुंकतं, शेजारी तक्रार करतात. मग शिमग्याला नाहीतर मे महिन्यात ते गावी येतं आणि गावीच राहतं. ‘आई-बाबांना तेवढीच सोबत.’ मी याला दोष देत नाही. मुलांना खरंच आईबापांच्या एकटेपणाची काळजी असते. फक्त ज्याच्या अंगणात कुत्रं राहणार त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आणि ते अंगण कसलं आहे, तेही कुणी पाहिलेलं नसतं. ही जात ज्या चिवावा राज्याच्या नावाने ओळखली जाते ते मेक्सिकोतलं राज्य बरंचसं कोरडं, वाळवंटी. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा पोलादपूरला जुलैच्या एका जोराच्या आठवड्यात पडून जातो. जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास आणि कुत्र्यांच्या कातडीला खाज. अंगावर चरबी नाही, केस बहुधा तोकडे, म्हणून चिवावा डिसेंबरातच नाही तर ऑगस्टातही कुडकुडतो. त्याला कोरडी, उबदार जागा लागते, आणि ती चुलीला इतकी खेटून नको की झोपेत भाजून घेईल.

कोकणी घर हेही त्याच्या मापाचं नसतं. आमची जोती उंच. ओटीवरून अंगणात उडी मारणं गावठी कुत्र्याला खेळ आहे. चिवावाच्या पुढच्या पायाचं हाड जाड काडीएवढं. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेले अशा कुत्र्यांचे मोडलेले पाय आठवले तर मोटारीखाली आलेलं एकही नाही. ओटीवरून, खाटेवरून, एक तर शाळकरी पोराच्या कडेवरून पडलेलं. पाय मोडला की प्लेट बसवायला पनवेल, मुंबई नाहीतर पुणे. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा बंद असतो, मग पुण्याची वाट आणखी लांबते. हा खर्च आणि हा प्रवास पिल्लाच्या किमतीत कुणी धरत नाही.

शेजारी गोठा असतो. गोठा म्हणजे गोचीड. म्हशीच्या अंगावर शंभर गोचीड असले तरी ती रवंथ करत बसते. सव्वा किलोच्या जिवाला वीस गोचीड रक्त कमी करायला पुरतात, वर गोचीडताप. एका काकांनी म्हशीच्या गोचिडांचं औषध होतं तेच फडक्याने कुत्र्याला पुसलं. ‘थोडंच लावलं, डॉक्टर.’ कुत्रं दोन दिवस लोळागोळा होऊन पडलं होतं. थोडं म्हणजे किती, हे आपण आपल्या हाताच्या मापाने ठरवतो.

संध्याकाळची तर आणखी वेगळी गोष्ट. पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये बिबट्या येतो. आम्ही त्याला वाघच म्हणतो. अंगणातलं गावठी कुत्रं उचलून नेल्याचं दरवर्षी ऐकू येतं. गावठी कुत्र्याला निदान वास येतो, ते घराच्या आत पळतं. चिवावाचा स्वभाव उलटा. आपलं माप त्याला ठाऊकच नसतं. बैलावर भुंकेल, वानरावर धावून जाईल. हा धीटपणा मोबाइलवर गोड दिसतो, खळ्यात नाही. दिवेलागणीनंतर त्याला दोरीशिवाय बाहेर सोडायचं नाही. दोरीही गळ्याच्या पट्ट्याला नको, छातीपट्ट्याला हवी, कारण या जातीची श्वासनळी नाजूक असते. गळा ओढला गेला की बदकासारखा खोकला सुरू होतो.

खाण्याचं तर विचारू नका. आजीच्या हातात प्रेम असतं आणि ताटात सुकट. खारवलेल्या मासळीचं मीठ, कांद्याची आमटी, काटा, हे सगळं लाडाने पुढे सरकतं. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे सांगितलं की लोक हसतात, कारण गावठी कुत्री आयुष्यभर उष्टं खाऊन जगलेली त्यांनी पाहिलीत. मी म्हणते, तुमच्या वीस किलोच्या मोत्याने एक घास आमटी खाल्ली आणि हिने एक घास खाल्ली, हे सारखं झालं का? तेव्हा हसू थांबतं. पिल्लाला पहिले तीन-चार महिने दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं, शेवटचं झोपण्यापूर्वी. जबडा लहान, दात तेवढेच, म्हणून दातांची दाटी होते. दुधाचे दात पडायचे राहतात, ते काढावे लागतात.

2021च्या पुरानंतर माझ्या सूचनांच्या यादीत आणखी एक ओळ वाढली. 22 जुलैला महाडात पाणी भरलं. दवाखान्यात छातीच्या वर पाणी होतं. औषधं गेली, तो पहिला काटाही गेला, आणि वर उचलून ठेवलेला फ्रिज वाचला तरी आतल्या लशी वाया गेल्या, कारण लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते आणि वीज कित्येक दिवस नव्हती. पाणी ओसरल्यावर चिखल, चिखलात मेलेले उंदीर, मेलेली गुरं. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. तेव्हापासून मी इथल्या लोकांना सांगते, पार्व्हो-डिस्टेंपरबरोबर लेप्टोचीही लस घ्या, दर वर्षी, आणि जूनच्या आत. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाचे डोस चालतात. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. ‘एवढंसं कुत्रं, चावून चावून काय चावणार’ हे मी अनेकदा ऐकलंय. रेबीजचा विषाणू दाताची लांबी मोजत नाही.

हे सगळं ऐकूनही कुणाला चिवावा घ्यायचाच असेल, तर मी त्याला विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहायला सांगते. पिल्लाची आई पाहा. आई दाखवत नसतील तर उठून या. ती पिल्लाला चाटते का, माणसाला घाबरते का, ते बघा. वय विचारा. श्वान प्रजनन व विपणनाच्या 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पिल्लं काढणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. या जातीत मी तर म्हणते दहा-बारा आठवडे आईपाशी राहू द्या. लसीचं कार्ड मागा, त्यावर बाटलीचं चिकटवलेलं लेबल आणि डॉक्टरची सही आहे का पाहा; नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा मला कितीदा दिसल्यात. आणि डोक्यावर हात फिरवून पाहा. बऱ्याच चिवावांची टाळू पूर्ण भरत नाही, तिथे बोटाला मऊ लागतं. तेवढ्याने कुत्रं वाईट ठरत नाही, पण डोक्यावर टपली मारणारी मुलं घरात असतील तर विचार करा. मागचा पाय उचलून तीन पायांवर दोन पावलं टाकत असेल तर गुडघ्याची वाटी सरकतेय.

‘टीकप’ म्हणून जास्त पैसे मागतात, त्याबद्दलही विचारतात. अशी काही जात नाही. कपात मावणारं पिल्लू म्हणजे बहुतेक वेळा अशक्त, नाहीतर वय चोरलेलं पिल्लू. आणि ‘एकदा पिल्लं काढू, पैसे वसूल होतील’ म्हणणाऱ्याला मी सिझेरियनचा खर्च सांगते. पिल्लाचं डोकं मोठं, आईची वाट अरुंद. म्हशीचं अडलेलं रेडकू मी हात घालून फिरवू शकते. इथे माझं एक बोटही जास्त होतं.

चिंगी त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे होती. उकडलेल्या कोंबडीचा बारीक लगदा तिने बोटावरून चाटून खाल्ला. आजी बाकावर बसून बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, दर तीन तासांनी खाणं, ओटीवर आडवी फळी, गोठ्यात नेऊ नका, आठवड्याला वजन. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “ही जात जगते किती?”

“चौदा-पंधरा वर्षं. नीट सांभाळली तर सोळाही.”

आजींनी हाताच्या पेरांवर काहीतरी मोजलं. त्या तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. मोजणी अर्ध्यावर सोडून म्हणाल्या, “म्हंजे हिचं म्हातारपण मी नाही बघायची.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी लसीचं नवं कार्ड काढलं आणि मालकाचं नाव विचारलं. मला वाटलं, त्या स्वतःचं सांगतील. त्यांनी नातवाचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. फोन नंबर कमरेच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर होता. “त्याचंच लाव. मी सांभाळीन, पण कुत्रं त्याचं. सुया मारायला तो येईल.”

घरी गेल्यावर त्यांनी नातवाला फोन लावून काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण महिन्याभराने पुढच्या डोसला तोच आला, रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी. डोळे लाल, चेहरा जरा पडलेला. पुढच्याही डोसला आला. तेव्हापासून दर वर्षी जूनच्या आत एकदा येतो, गणपतीचं येणं वेगळं. आजींचं वजनाचं कामही चोख आहे. दर सोमवारी चिंगीला वाडीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवतात आणि दुकानदार आजींच्या उधारीच्या वहीतच लिहितो. गेल्या खेपेला त्यांनी ती वही मला दाखवायला आणली होती. साखर एक किलो, चहा पावशेर, तूरडाळ अर्धा, चिंगी एक किलो नऊशे दहा. दुकानदाराने एकदा चुकून पुढे किंमतही टाकली होती, ती खोडलेली.

मला कुणी ‘चिवावा घेऊ का’ विचारलं की आता मी जातीबद्दल फार बोलत नाही. दवाखान्यात चहासाठी आणलेली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी असते, ती हातावर ठेवते. दोन महिन्यांचं पिल्लू असतं साधारण एवढं. मग कोरं कार्ड पुढे सरकवते आणि म्हणते, कुत्रं नंतर आणा, आधी पहिली ओळ भरा. बरेच जण तिथे बायकोकडे बघतात, किंवा आईकडे. पेन काही वेळ हातातच राहतं.